मुरवायचं ते मुरवा

सर, धातूच्या पट्ट्या तापवून ओढायच्या तुमच्या मशीनवर परवा पुन्हा एक नमुना अकाली तुटला. ओढणारी माझी विद्यार्थिनी. मांजरी गावातून बस बदलत येते, हुशार आहे, पण भट्टी तापल्यावर नमुना आत ठेवून जेवायला गेली आणि गप्पांत रमली. परतून ओढायला घेतला, तर जेमतेम दुप्पट लांब झाला आणि संपला. ते दोन तुकडे पाहून मला हसू आलं, कारण तसेच तुकडे एकदा मी तुमच्या टेबलावर ठेवले होते.

तेव्हा मी तुमच्यासमोर उभी आहे. भट्टीत नमुना तापत ठेवण्याला सगळे सोकिंग म्हणायचे आणि मी मनात त्याचं 'मुरवणं' करून टाकलेलं. जितकं मुरेल तितकं चांगलं, हे घरचं शहाणपण. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता, तुकडे उलटेपालटे करता आणि विचारता, "नमुना ठेवला होतात की लोणचं घातलं होतंत आपण?" मग मात्र नीट समजावता. या मिश्रधातूची सगळी करामत त्याच्या बारीक कणांत आहे. कण बारीक असतील, उष्णता पुरेशी असेल आणि ओढ संथ असेल, तर कण एकमेकांवरून सरकत राहतात आणि पट्टी तुटायचं नाव न घेता कित्येक पट लांबते. घाई केली तर तुटते. पण उगाच तापत ठेवली तर कण वाढून जाड होतात आणि मग सरकणं संपतं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पुण्यात मात्र अपमान झाल्याशिवाय काही पाठ होत नाही.

त्याच आठवड्यात मला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली होती. तुमच्या कानावर गेलं होतं, तुम्ही विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी कर्वेनगरच्या घरून लिंबाच्या लोणच्याची बरणी आणलीत आणि माझ्या टेबलावर ठेवलीत. "मुरवायचं ते मुरवा. आणि बरणी रिकामी आणू नका." एवढंच. आता रिकामी बरणी कोणी परत करत नाही, हे सांगायला मला प्राध्यापक नको होते. पण लोणचं संपेपर्यंत थांबू म्हटलं. मग संक्रांतीला तिळाचे लाडू घालून बरणी दिली, तर तुमच्या घरून ती चकल्या घेऊन परत आली. अशी ती येत-जात राहिली आणि चाकणचं राहूनच गेलं. तुम्ही मला 'थांबा' असं कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा बरणी माझ्याकडे होती. ती कुणाला परत करायची हे मला कळेना, त्या दिवशी मी सर्वांत जास्त त्यावरच रडले.

आता या मुलीला हिंजवडीत नोकरी आली आहे. ती गेली तर हे काम इथेच थांबेल आणि तुमचं मशीन भंगारात जाईल. विभागात तसं बोललंही जातंय. तिने मला विचारलं, मी काय करू? मी 'बघू' म्हणाले आणि बघतच राहिले. सोमवारी तिला कंपनीला कळवायचं आहे. तुटलेले तुकडे हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिला नुसतीच तापत ठेवली आहे.

म्हणून काल तिला बोलावलं आणि तुमच्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलले. म्हटलं, "तू थांबावंस असं मला वाटतं. पण निर्णय तुझा." मग मी लोणच्याने भरलेली तुमची बरणी तिच्यापुढे सरकवली. तिने झाकण उघडून वास घेतला, बंद केलं, पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मॅडम, बरणी परत द्यायची घाई नाही ना?"

मी 'नाही' म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. लोणचं घरचं आहे असं मी तिला सांगितलं. ते विकतचं आहे, सर.