पाठवणीची मोटार

बाबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. परवा भाचीची पाठवणी झाली आणि घरी येऊन मी कागदावर तुमच्याशीच बोलत बसले.

माझी पाठवणी सानगडीहून निघाली, ते ऐंशीच्या आसपासचं साल. तुम्ही ज्यांच्या धानगिरणीत ड्रायव्हर होता त्या मालकांनी मोटार दिली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तुम्ही तयार नव्हता. मागे आम्ही नवरानवरी, पुढे तुमच्या शेजारी माझे सासरे. साकोली सोडल्यावर मागच्या चाकांकडून बारीक रडल्यासारखा आवाज येऊ लागतो, मग जळक्या तेलाचा वास. लाखनीच्या अलीकडे तुम्ही मोटार पळसाखाली घेता आणि लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यानिशी खाली सरपटता. दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा, त्याच्या आतल्या दात्यांवर चाकं फिरतात. तुम्ही त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलंत. चर्र झालं.

"काहून थांबले जी, ईवाई?" आपल्या व्याह्यांना, तुम्हाला, हाक मारत सासरे उतरले. "घरी बाया ओवाळाले उभ्या आहेत."

"गोळा लय तपला. आतलं तेल गेलं वाटते."

"मंग हळूहळू चालवा ना. आता किती राहिलं?"

गोळ्याच्या तेलाचा प्लग काढताना तुमच्या उजव्या हाताची बोटं पोळली. आत तेल नव्हतंच.

"दाते अडकले त चाकं जागीच जाम होतीन. मागून ट्रक येऊन राहिले. माही पोरगी बसली आहे, तुमचाबी पोरगा आहे. मी नाही चालवत."

सासरे तोंड फिरवून उभे राहिले. शेवटी आम्ही मुंडावळ्यांसकट एस.टी.त चढलो. तुम्ही मोटारीपाशी राहिलात. मला वाटलं, नातं पहिल्याच दिवशी विटलं.

दुसऱ्या दिवशी मोटार दुरुस्त करून तुम्ही माझ्या सासरी आलात. ताटावर बसलात, पण पोळलेल्या बोटांनी भात कालवता येईना. मी दारात. नवी सून, पुढे कशी होऊ? तेव्हा सासऱ्यांनी तुमचं ताट आपल्याकडे ओढलं, वरणभात कालवला. "मले झोप नाही आली, ईवाई," ते म्हणाले. "चालवा म्हणत होतो मी." तुम्ही डाव्या हातात चमचा घेऊन सगळं संपवलंत.

हे कुठं पाठवणार? एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. पळसाखाली सगळे खोळंबून चिडले होते, आणि मला बरं वाटत होतं. तुमच्याजवळ तेवढा वेळ जास्त मिळाला होता.