कणीक फुगेपर्यंतचा तास

मी, श्रीधर वामन खांबेटे, वय सत्तावन्न, धंदा वार्ताहराचा, चोवीस वर्षे परदेशी, फेस शहरातल्या एकाच गल्लीत राहणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्वभावाचा मागितला होता. तो त्यांनी दिला नाही.

१. घर भाड्याचे आहे, सबब ते देता येत नाही. बँकेतली शिल्लक, संस्कृत पोथ्या आणि बंद पडलेले टंकयंत्र कन्या मृण्मयीस द्यावे. ती टँजियरच्या बंदरात नोकरीला आहे.

२. लाकडी काथवट मृण्मयीचीच. तिची आई, कैलासवासी शालन, रोज सकाळी तीत कणीक मळी, ओल्या फडक्याखाली फुगत ठेवी, आणि तासभर आम्ही दोघे पुदिन्याचा चहा पीत गच्चीवर बसत असू. त्या तासात काय बोललो, त्यातले एक वाक्य आठवत नाही. चहा मात्र गोड असे. मग पावांवर काट्याचे चार टोचे आणि अंगठ्याचा एक दाब, अशी आमच्या घरची खूण करून ती पावांची फळी गल्लीच्या सामायिक भट्टीवर नेई.

३. भट्टीवाले बा अल्लाल यांच्याशी असलेले माझे दोन वर्षांचे वैर या लेखाने रद्द समजावे. शालन गेल्यावर कणीक मी मळू लागलो. पाव दगडासारखे निघत. दोष मी भट्टीला दिला, चारचौघांत दिला, आणि नदीपलीकडची भट्टी धरली. तिथेही दगडच निघाले. परत आलो तेव्हा बा अल्लाल म्हणाले,

"या उस्ताद. भट्टी बदललीत, कणीक तीच नेलीत ना?"

"तुमचा जाळ कमी पडतो."

"मळता तुम्ही, मी नुसता भाजतो. फुगायला किती वेळ ठेवता?"

ठेवतच नव्हतो. तो रिकामा तास मला सोसवत नव्हता.

"आणि एक सांगू का? रागावू नका. कच्च्या पावावर बाईंची खूण करता. त्यांचं नाव खराब होतं."

त्या दिवसापासून माझी खूण निराळी आहे: एकच आडवी रेघ.

४. माझे औदासीन्य. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित असल्याचा दावा मी अनेकदा केला, तो खोटा होता. मृण्मयीस मी दर आठवड्याला लिहीत असे, 'तू गेल्यापासून घास गोड लागत नाही.' घास कच्चा होता, हे लिहिले नाही. परिणामी ती नोकरी सोडून इथे येऊ पाहते. काल फोनवर म्हणाली, "बाबा, राजीनामा टाइप करून ठेवलाय. पुढच्या शुक्रवारी देते."

सबब स्पष्ट करतो: सदर औदासीन्य कोणाही वारसास जाणार नाही. त्याची व्यवस्था मी हयातीतच करीन. कणीक फडक्याखाली ठेवून मी रोज तासभर गच्चीवर बसतो. रडू येते तेव्हा रडतो. ते पत्रात घालत नाही. चहाचा पेला एकच भरतो. पाव बरे निघू लागले आहेत. उत्तम म्हणणार नाही, बा अल्लाल ऐकतील.

५. मृण्मये, राजीनामा फाड. ईदला सुट्टी काढून ये. आईची खूण तुझी आहे, ती तुझ्या हातच्या पावावर कर. या लेखाची नक्कल आजच्या टपालाने तुला पाठवत आहे, कारण या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

साक्षीदार:
१. बा अल्लाल, भट्टीवाले. सही येत नाही, अंगठा दिला आहे. शाईआधी पीठ लागले, ते वैध मानावे.
२. लल्ला रुकिया, शेजारीण. सही करताना म्हणाल्या, "मरायची घाई नाही ना, उस्ताद? उद्या माझी फळीही न्यायचीय तुम्हाला." घाई नाही, अशी नोंद करतो.

स्थळ: फेस. गुरुवार, १४ मार्च २०१९.

लिहून देणार: श्रीधर वामन खांबेटे
खूण: —