रिकामी फणी

लातूर

चि. उज्ज्वला,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहून राहिले. आधीची दोन फाडली.

माझ्या सासूबाईंच्या अंगावर फिरणारे किडे खरे नव्हतेच. कंपवाताच्या नव्या गोळ्यांनी त्यांना भास व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पंधरा दिवसांत किडे गेले. आता त्याच विचारतात, "किनवटची पोरगी कुठं हाय?"

माझ्याकडं राहून शिकताना तूच क्लासमधून उवा आणल्यास असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी तुझी वेणी कापली. कात्री बघून तू एवढंच म्हणलीस, "मावशी, फणी तर फिरवून बघ." तरी त्यांची खाज थांबंना, तेव्हा बारावीच्या तोंडावर तुला किनवटला परत धाडलं.

फणी फिरवली होती, पोरी. आदल्या दुपारी, तू पुस्तकावर डोकं ठेवून झोपलीस तेव्हा. एकही ऊ निघाली न्हाई. पण सासूबाईंना खोटं पाडायची माझी छाती झाली न्हाई.

तुझी,
कुसुममावशी