कांबळ्यातली फुला

दिग्गी, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. रक्षास थोरल्या बाबांचे अ. आ. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पुढचं ताट सरकवलं. माझ्या मेलेल्या लेकीची पोर, फुला, बेळगावच्या स्टँडवर लोकांपुढे हात पसरते, आणि तिचा बाप परशू संध्याकाळी येऊन तिच्या मुठीतलं काढून गुत्त्यावर जातो! शाळेत घालतो म्हणून नेली होती त्यानं. थू त्याच्या जिनगानीवर.

तू माझ्या भावाची लेक, शिकलीस, अशाच पोरांसाठी काम करतेस. तू लिहितेस की जवळ गेलं की फुला पळते, तिचा विश्वास बसू दे, मग बालकल्याण समितीपुढे नेऊ, तोवर येऊ नका. मला हे पटत नाही. रानात वासरू चुकलं तर आपण कुणाला विचारून आणतो काय? सोमवारी येतो. कांबळं घेऊन येतो. चुकलेलं पोर आपल्या घरात कांबळ्यात झाकूनच आत घेतात, वाटेत कुणाची नजर लागू नये म्हणून. तू विसरली असशील.

रागावलीस तरी माया आटवू नको.

तुझा थोरला बाबा,
महाबळेश्वर

बेळगाव, ता. १५ नोव्हेंबर २०२४

ती. थोरले बाबा यांस रक्षाचा शि. सा. न. वि. वि.

पाठ शेकता काय? पोलीस ठाण्यातून तुम्हाला सोडवताना मी रागानं बोलले, ते मनात ठेवू नका. पण बाबा, परक्या शहरात भर दुपारी पोरीला कांबळ्यात गुंडाळून गाडीकडे नेल्यावर लोकांनी पोरं पळवणारा म्हणून धरलं नसतं, तर काय हार घातला असता?

फुला आता बालगृहात आहे. डॉक्टरांनी तपासलं, खरजेला मलम दिलं. उवांमुळे केस कापावे लागले. भाकरी उशीखाली लपवते. तिथल्या ताई म्हणतात, लपवू दे, रोज ताजी मिळते हे कळलं की आपोआप सोडेल.

परशू नवा शर्ट घालून समितीपुढे रडला. बाप आहे, त्याचंही ऐकावं लागतं. त्याला बघून फुला बाकाखाली शिरली, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. आता तुमचं घर बघायला कारवारच्या जिल्हा कचेरीतून एक बाई येतील. त्यांच्यावर खेकसू नका. फुला तुमच्याकडे यायची की नाही, ते त्या काय सांगतात त्यावर ठरणार आहे.

थोरल्या आईला नमस्कार. लोभ राहू द्या, थोडा राग राहिला तरी चालेल.

तुमची रक्षा

दिग्गी, ता. २७ नोव्हेंबर २०२४

चि. रक्षास अ. आ.

पाठ बरी आहे, मन बरं नाही. मला पहिली लाथ घातली ती केळीच्या गाड्यावाल्यानं. ठाण्यात फुला कानाला लागून म्हणाली की अज्जा, ह्यो रोज सकाळी माझ्या अंगावर पाणी ओततो, गाडा लावायला जागा पायजे म्हणून. तेव्हा ही कुणाची पोर, हे त्यानं विचारलं न्हाई. मी हात धरला, आणि सगळं शहर तिचा मामा झालं! एक बाई माझा मार मोबाईलवर उतरवत होती. संपल्यावर हातातला उष्टा वडा फुलाच्या पायाशी टाकून गेली.

आपल्या गावालाही तिची तीच किळस. शेजारचा गुरुदास दारात येऊन म्हणतो, रस्त्यावर राहिलेली पोर शिमग्याच्या मांडावर, देवाच्या जागेत, कशी चालेल? मी म्हणालो, आधी तू तोंड धुऊन ये.

कारवारच्या बाई आल्या. मी घाबरून त्यांना गोठा, कोंबड्या, कणगराच्या कंदांची वेल, सगळं दाखवलं. त्यांनी पोर कुठं झोपणार, शाळा किती लांब, ते विचारलं. परशू आला तर काय कराल म्हणाल्या. माझ्या तोंडून कोयता निघाला. थोरल्या आईनं माझा पाय दाबला, तेव्हा म्हणालो की रेंज मिळते त्या टेकडीवर चढून तुम्हाला फोन करीन. बाई हसल्या. पण त्यांनी कोयता लिहून घेतला असेल काय? त्या एका शब्दापायी पोर परशूकडे गेली तर? लवकर कळव. जीव टांगलाय.

पोरीवर लक्ष ठेव, जमलं तर म्हाताऱ्यावरही.

महाबळेश्वर

बेळगाव, ता. १२ डिसेंबर २०२४

ती. थोरले बाबा यांस सा. न. वि. वि.

कोयता लिहिलेला नाही! फुला तुमच्याकडे येणार, समितीचं ठरलं. समितीला विचारल्याशिवाय परशूनं तिला भेटायचं नाही. अधूनमधून कुणीतरी बघायला येईल, त्याला कटकट समजू नका. शाळेतल्या बाईंशी मी बोलले आहे. परवा फुलानं उशीखालची भाकरी काढून आपणहून कुत्र्याला घातली.

२९ तारखेला, रविवारी, मी तिला घेऊन येते. तुमचं कांबळं ठाण्यातून आणून धुतलंय. रीत आहे तर तेच पांघरून आणू काय?

आहात तसेच राहा, मायेनं आणि भांडत.

रक्षा

दिग्गी, ता. १९ डिसेंबर २०२४

चि. रक्षास पोटभर आ.

कांबळं घडी करून पिशवीत घाल. तिच्या डोक्यावर घालू नको. थोरली आई म्हणते रीत मोडते. मोडू दे.

स्टँडवर त्या केळीवाल्याच्या गाड्यापुढूनच तिला चालव. हात तुझ्या हातात, तोंड उघडं. गावातही गुरुदासच्या दारावरून, मांडाच्या कडेनं आण. इतके दिवस कुणाला ती दिसली न्हाई. आता बघू दे सगळ्यांना.

मी उंबऱ्यात उभा असेन. तू जपलंस, तसंच जपत राहा.

फुलाचा अज्जा,
महाबळेश्वर