दोन अक्षरांत पूर्ण शब्द

३ जून, सकाळ
निर्धार! बाबांसाठी मोबाइल ॲप करणार. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा शब्द तोंडातच अडकतो. चित्राला बोट लावलं की फोन बोलेल. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. आठवड्याभराचं काम. आधी फक्त कोड लिहायच्या एडिटरमध्ये ऑटोकम्प्लिशन लावून घेतो. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण शब्द समोर यायला हवा. पाया पक्का हवा.

५ जून
शब्द सुचवणारा प्लगइन टाकला. सजेशन येत नाही.

९ जून
येतंय! पण इतकं रमतगमत, की तोवर मीच लिहून मोकळा होतो. आईने विचारलं, झालं का रे? म्हटलं, जवळपास.

१४ जून
एडिटर बदलला. पहिला मुळातच हलक्या प्रतीचा होता.
बाबांना जेवण द्यायला गेलो. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात करून काहीतरी बोलू लागले, अडकले. मी एकेक सुचवलं. टॉवेल? चष्मा? खुर्ची बाहेर नेऊ? मान हलवत राहिले, मग डोळे मिटून घेतले. ॲपची किती गरज आहे! नव्या जोमाने सेटिंग्जची फाइल पहिल्यापासून लिहिली.

२० जून
ताईचा व्हिडिओ कॉल. कंपनीत ॲप करायचंच काम करते म्हणून शहाणी. म्हणाली, गाढवा, ॲपची फाइल दाखव. दाखवली. कोरी. तर म्हणे, तू काही लिहिलेलंच नाहीस तर तो बिचारा सुचवणार काय? आणि त्याच्यावाचून अडलंय कुणाचं? अडलंय म्हणजे! माझं अडलंय.

२६ जून
आईचा धीर सुटला. मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. पाणी, पंखा, खुर्ची, खाली आम्हा सगळ्यांचे फोटो. तिला समजावलं, असल्या गोष्टींना भविष्य नसतं. ती म्हणाली, डिंक संपलाय, आणून दे.

४ जुलै, दुपार
झालं! दोन अक्षरं, की पूर्ण शब्द हजर. लॅपटॉप घेऊन बाबांकडे धावलो. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. माझा फोटो. मग खुर्ची. आई म्हणाली, रोज हेच दोन दाखवतात. जरा जवळ बस म्हणतायत. म्हटलं, बसतोच, एकदा रीस्टार्ट करून येतो.

संध्याकाळ
रीस्टार्टनंतर सजेशन बंद. सगळे उपाय केले.
परत गेलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. खुर्ची पलंगाला टेकलेली. आईला विचारलं, ही इथे कुणी आणली? म्हणाली, त्यांनीच, डाव्या हाताने ओढत ओढत.
उद्या नक्की बसतो. सकाळी प्लगइन काढून परत टाकला, की लगेच.