कॅलेंडरवरचं वचन

बुधवार, १९९१. अंबरनाथ.

जेवण गेलं नाही. अजून चिडचिड होतेय, आणि ती घरसभेतल्या लोकांवरची नाहीच.

मी घेते त्या प्रार्थनेच्या घरसभेत मागच्या बुधवारी सगळ्यांना बजावलं होतं, रोज घरी बायबलचा एक अध्याय वाचा आणि भावलेलं वचन पुढच्या बुधवारी सांगा. आज सुशीलाताईंनी वचन सांगितलं. मग बदलापूरच्या कंपनीतून थेट आलेल्या शमुवेलभाऊंनी तेच सांगितलं. मग सुशीलाताईंच्या सुनेनंही तेच! मी भडकलेच. "हे तर नाताळात चर्चच्या मंडळीने वाटलेल्या कॅलेंडरवरचं आजचं वचन आहे. बायबल उघडलं तरी का कुणी?"

मग सुशीलाताई हळूच म्हणाल्या, "बाई, पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे. कॅलेंडरचं पान फाडताना तेवढं वाचून होतं."

तेवढं वाचून होतं. त्यावर मी अर्धा तास ऐकवलं त्यांना. कुठल्या तोंडाने?

बरं झालं, कुणी विचारलं नाही की बाई, तुम्ही एवढं पटकन कसं ओळखलंत. काय सांगितलं असतं? आज सकाळी मीही तेवढंच वाचलं होतं.