एका घरातलं एकच मूल

१४ जून, दुपार

प्रिय ताई,

बाबांना भरवता भरवता मध्येच उठून आलोय. घास त्यांच्या तोंडात आहे. त्यांना वाटत असेल, पाणी आणायला गेलो.

तू बरी असशील. आम्हीही ठीक. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही.

माझं काम चालू आहे. घरी मुलांना होणाऱ्या मारहाणीची पाहणी. आधी आम्ही विचारायचो, 'आईवडील मारतात का?' मुलं 'नाही' म्हणायची. आता एकेक विचारतो. थोबाडीत? पट्ट्याने? केस धरून? तीच मुलं मान हलवतात. रक्त आलं नाही तर तो मार नव्हे, असा त्यांचा हिशेब.

आमचा एक नियम आहे. एका घरातल्या एकाच मुलाला विचारायचं, ज्याचा वाढदिवस आधी येईल त्याला.

पाहणीला बाहेर पडण्याआधी आमच्यातल्या प्रत्येकाने तोच फॉर्म स्वतःच्या लहानपणाबद्दल भरायचा असतो. मी भरला. सगळीकडे 'नाही'. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर तळहातावरचा फोड! घरात एकटेच होतात का?"

"मोठी बहीण आहे," म्हटलं.

"मग तिचा फॉर्म कुठंय?"

सगळे हसले. मीही.

माझा वाढदिवस तुझ्या आधी येतो. आपल्या लहानपणी असं कुणी विचारायला दारात आलं असतं, तर आपलं घर स्वच्छ म्हणून नोंदलं गेलं असतं. माझ्या तोंडून.

त्या दिवशी बाबांचा चष्मा माझ्या पायाखाली येऊन फुटला होता. बाबांनी विचारलं, "कुणी?" मी बोललो काहीच नाही. नुसतं तुझ्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं. त्या थोबाडीनंतर तुझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. आणि फोनवर मी तुला 'बहिरी' म्हणून चिडवत आलो.

आज घास घेताना बाबा म्हणाले, "नऊ वर्षं फिरकली नाही. मी तिला कधी बोट तरी लावलं का?"

तेव्हा उठलो.

मागच्या तीन पत्रांत लिहिलं होतं, मन मोठं कर, येऊन जा. ते मागे घेतो. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

नियम बदला, असं मी बाईंना सांगणार आहे. घरातल्या प्रत्येक मुलाला विचारायचं, आणि वेगवेगळं. निदान 'दुसऱ्या कुणाला मारताना पाहिलंस का' एवढं तरी.

ज्याच्या वाटचा मार तू खाल्लास, तो
तुझा धाकटा

१५ जून, सकाळ

बाबांनी विचारलं, "ये म्हणून लिहिलंस ना?"

"नाही. ती का येत नाही, ते लिहिलं."

त्यांनी कूस बदलली. आता पाकीट चिकटवतो आणि कामावर निघतो.